कोरे वाद्य कोणासाठी?

घरात नवी वस्तू आली की तिच्यावरचे आवरण काढू न देणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असते. टीव्हीच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी, मोटारीच्या आसनांवर कारखान्यातूनच आलेले आवरण, काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आणि पाहुणे आले तरी बाहेर न निघणारा कपबशांचा संच, यांतले काहीतरी तुमच्याही घरी असेलच. यामागे कंजूषपणा असतो असे मी म्हणणार नाही. ज्या पिढीने एकेक वस्तू वर्षभराच्या बचतीतून घेतली, तिला वस्तूचे नवेपणही मिळकतीसारखे जपावेसे वाटले तर त्यात नवल नाही. परंतु हाच नियम वाद्यालाही लावावा काय? गेली दोन वर्षे हा प्रश्न आमच्या घरात गाजतो आहे.

आम्ही बडोद्यास राहतो. आमची मुलगी महाविद्यालयात शिकत असताना शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करीत असे. त्यातून दीड वर्ष पैसे साठवून तिने एक बेस गिटार विकत घेतली. हे वाद्य तुम्ही पाहिले नसले तरी ऐकले मात्र नक्की आहे. साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिला बहुधा चारच, पण जाडजूड, आणि गिटारीच्या खालच्या चार तारांहून बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या. चित्रपटातील गाणे ऐकताना ढोलकाच्या किंवा तबल्याच्या जोडीने जो एक खर्जाचा धागा छातीत घुमत असतो, तो पुष्कळदा हिचा असतो. बहुतेकांच्या कानांना ती वेगळी ओळखू येत नाही. ती मध्येच थांबली, की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे मात्र वाटते.

मुलीने निवडलेल्या गिटारीचा रंग नेमका सायीसारखा पांढरा. साधे बोट लागले तरी दिसावे असा. ती घरी आली त्याच आठवड्यात माझे मेव्हणे आले होते. त्यांनी वाद्य हाती घेऊन फार कौतुकाने पाहिले आणि भाचीला उपदेश केला, की पुढच्या बाजूच्या पत्र्यावरची पारदर्शक पट्टी काढू नकोस, चित्रेबित्रे चिकटवू नकोस, वाजवून झाली की लगेच पेटीत ठेव. उद्या नोकरी लागली, लग्न झाले, म्हणजे निम्म्याहून अधिक किंमत उभी राहील.

उपदेश मायेचा होता आणि हिशेबाला चूक नव्हता. तरीही तो पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यात एक भाकीत दडलेले आहे. हा नाद सुटणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रश्न उरला आहे तो फक्त सुटताना नुकसान किती कमी होईल एवढाच. जे वाद्य विकण्यासाठी कोरे ठेवावयाचे, त्याचा खरा धनी म्हणजे अद्याप न भेटलेले ते गिऱ्हाईक. घरची वादक त्या गिऱ्हाइकाची राखणदार. मुलगी त्या संध्याकाळी फारसे बोलली नाही. आपल्या मुलांच्या आवडींविषयी आपण असे किती हिशेब त्यांच्यादेखत मोठ्याने मांडतो, हे मी तेव्हापासून मोजू लागलो आहे.

तिच्या मनात जे होते ते चित्रे चिकटवण्यापेक्षा पुष्कळ गंभीर होते. तिला गिटारीचे पडदे काढून टाकावयाचे होते.

सतारीप्रमाणे गिटारीच्या दांडीवरही धातूचे पडदे असतात. पण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले व सरकवता येणारे, तर गिटारीचे लाकडात खाच पाडून ठोकून बसवलेले. बेस गिटारीच्या जन्मकथेत या पडद्यांना फार महत्त्व आहे. पूर्वी पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस करी. हे माणसाहून उंच, उभे राहून वाजवण्याचे, बिनपडद्याचे वाद्य. ते गावोगाव वाहून नेणे कठीण, त्याचा आवाज इतर वाद्यांच्या गर्दीत बुडावयाचा, आणि स्वर नेमका लागण्यासाठी हाताला वर्षानुवर्षांची तालीम हवी. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी आणि पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली. बोट पडद्यामागे कुठेही ठेवा, स्वर अचूकच येणार. म्हणून तिचे नावच त्यांनी ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवले.

आणि आमच्या मुलीला ही अचूकताच नको होती! लहानपणी ती काही वर्षे शास्त्रीय गायन शिकली आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला त्या जाड तारांवर हवी होती, आणि प्रत्येक पडदा तिथे उंबरठ्यासारखा आडवा येत होता. तिचा हा विचार काही जगावेगळा नव्हे. अमेरिकेतील विख्यात बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ सालच्या फेंडर गिटारीचे पडदे काढून टाकलेले होते. राहिलेल्या खाचा बुजवून त्यांनी त्या पट्टीवर नौकांना लावतात तसल्या कठीण रोगणाचा थर चढवला होता, म्हणजे खरबरीत तारांनी लाकूड झिजू नये. त्या वाद्यावर त्यांनी वाजवलेला, १९७६ साली प्रसिद्ध झालेला पहिला संग्रह ऐकला, म्हणजे बेस गिटार माणसासारखी गाऊ शकते हे पटते. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी एक चांगली गिटार खराब झाली होती.

तुम्ही म्हणाल, थोरांनी केले म्हणून सर्वांनी करावे काय? नाही. उलट उदाहरणही तितकेच थोर आहे. डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीच्या १९६० नंतरच्या दशकातील असंख्य गाण्यांत ज्यांची बेस गिटार ऐकू येते, ते जेम्स जेमर्सन आपल्या गिटारीत काहीही बदलत नसत. तार तुटली तरच नवी घालावयाची, एरवी तीच जुनी, बोटांच्या मळाने मंद झालेली तार चालू द्यावयाची. त्यांना हवा असलेला गोल, बसका आवाज त्या जुनेपणातूनच येत असे. (१९७१ पर्यंत त्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. लोक गाणी गुणगुणत राहिले, त्यांखालचा माणूस मात्र त्यांना ठाऊक नव्हता.) जेमर्सन यांनी वाद्य बदलले नाही हे खरे, पण म्हणून ते कोरे होते काय? दुसऱ्या कोणालाही वाजवण्यास जड जाईल इतक्या त्याच्या तारा उंच होत्या. ते पूर्णपणे त्यांचे झाले होते.

वाजवले जाणारे वाद्य कोरे राहत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे वादातील निम्मा ताप उतरतो. गिटारीच्या दांडीत एक पोलादी गज असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली, उन्हाळ्यात कोरडी झाली, की लाकूड फुगते वा आकसते आणि दांडीचा बाक बदलतो. मग तो गज पिळून दांडी पुन्हा जागेवर आणावी लागते. घोडीवरचे स्क्रू फिरवून तारांची उंची आपल्या हाताच्या जोराप्रमाणे ठरवावी लागते. गुळगुळीत वेष्टनाच्या तारा घ्याव्यात की खरबरीत, हे ठरवताच वाद्याचा आवाज बदलतो. यातले काहीच न करता दुकानातून आणलेली गिटार तशीच वाजवणारा मनुष्य दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून हिंडत असतो.

आपल्याकडे तर हे ज्ञान फार जुने आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांवरील नक्षीचे कौतुक आपण करतो; पण जाणता गवई नक्षी पाहत नाही, तो जवारी ऐकतो. घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासून तारेची गुंजन खुली वा बंद करावयाची, आणि तीही त्या त्या गळ्याला मानवेल अशी. जवारी झिजते, पुन्हा काढावी लागते, आणि दर वेळी घोडीचा थोडासा अंश नाहीसा होतो. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारीचीच काया पालटून, तिला तरफेच्या तारा चढवून तिची मोहनवीणा केली, आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. याच्या उलट दक्षिणेतील कलावंतांनी युरोपातून आलेल्या व्हायोलिनच्या लाकडाला हातही लावला नाही. त्यांनी फक्त मांडी घालून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून, तारा आपल्या रीतीने लावल्या. वाद्य आपलेसे करण्याचा यापरता सौम्य मार्ग मला माहीत नाही.

चित्रांविषयी आणि नावे कोरण्याविषयी माझे मत विचाराल तर मला त्यात फारसा रस वाटत नाही. ज्याला आवडते त्याने करावे. फक्त वाद्यावरचे रोगण कोणत्या जातीचे आहे ते आधी पाहावे, कारण जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज रोगणाला रबर किंवा प्लास्टिक फार काळ लागून राहिले तर ते मऊ पडते व डाग कायमचा राहतो. बीटल्समधील पॉल मॅकार्टनी यांच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेस गिटारीच्या कडेला १९६६ च्या अखेरच्या दौऱ्यातील गाण्यांची यादी चिकटवलेली होती, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी ती काढली नाही. असली खूण मला आवडते, कारण ती शोभेसाठी लावलेली नव्हती. कामाच्या वेळी लागली आणि राहिली. गंमत अशी, की १९९५ पासून फेंडर कंपनीच अशा खुणा करून विकते. नव्या कोऱ्या गिटारीचा रंग कुशल कारागिरांकडून घासवून, पोचे पाडवून ती जुनी भासवली जाते, आणि गिऱ्हाईक तिला अधिक पैसे मोजते. आमच्या मेव्हण्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते. पण त्यांचा विश्वास बसला असे मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे त्यांच्या पक्षात आहे. तुमच्या घरी आजोबांच्या वा काकांच्या काळातले, मूळ रंगाचे, मूळ खुंट्यांचे वाद्य असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी जाणकारास दाखवा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गिटार नव्याने रंगवली की तिची बाजारातील किंमत बरीच उतरते, हे तर झालेच. पण तसले वाद्य पुन्हा तयार होत नाही, आणि ते कसे बनवले होते हे पुढच्यांना त्यावरूनच कळावयाचे असते. आमच्या मुलीची गिटार तशी नव्हती. तिच्यासारख्या हजारो गिटारी कारखान्यातून दर वर्षी बाहेर पडतात.

आता तिच्या पडद्यांचे काय झाले ते सांगतो. आमच्या गावात पेट्या आणि सतारी दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. ती त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी काम घेण्यास साफ नकार दिला आणि सहा महिने वाजवून मग ये, असे सांगितले. पडदे काढणे तासा-दोन तासांचे काम आहे. पुन्हा बसवताही येतात, पण पट्टी पहिल्यासारखी होत नाही, हेही त्यांनी बजावले. मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटला. हाताला काय अडते हे कळण्यापूर्वी वाद्यात केलेला बदल बहुधा हौसेचा असतो. मधल्या काळात मेव्हण्यांनीही एक तोड काढली. या गिटारीची मान चार स्क्रूंनी जोडलेली असते. तेव्हा बिनपडद्याची दुसरी मान विकत घ्यावी आणि मूळची जपून ठेवावी. युक्ती उत्तम होती. कोणी विचारले तर आजही मी तीच सुचवीन, आणि तेव्हा मुलीलाही मी तीच सुचवली. तिने ऐकून घेतले. तिला पुन्हा काही महिने शिकवण्यांच्या पैशांची वाट पाहावयाची नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर परतीचे दार उघडे ठेवून तिला जावयाचेच नव्हते.

सहा महिन्यांचे आठ झाले. मग त्या कारागिरांनी एकेक पडदा तापवून, पट्टीचे टवके न उडू देता सावकाश उपटला, खाचांत फिकट लाकडाच्या बारीक चिपा बसवल्या आणि पट्टी घासून सपाट केली. आता तिथे पडद्यांऐवजी नुसत्या रेषा आहेत. रेषेवर बोट अचूक पडले तर स्वर सुरात; केसभर इकडेतिकडे झाले तर बेसूर. पहिले तीन महिने आमच्या घरात जे ऐकू येत होते त्याचे वर्णन मी करीत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ते अत्यंत सभ्यपणे सोसले. हळूहळू बोटांना वाट सापडली. परवा तिने यमनातली एक मींड अशी घेतली, की तिची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

पांढरा रंग मनगट टेकते तिथे पिवळसर झाला आहे. मेव्हणे दिवाळीत आले होते; आता हिचे किती येतील, असे त्यांनी सवयीने विचारले. मुलगी खुंटी पिळीत होती. तार लागल्यावर म्हणाली, “मामा, आधी ऐका तर.” काढलेले वीस पडदे तिने एका औषधाच्या डबीत ठेवले आहेत. कशासाठी, ते मी विचारलेले नाही.