फॉरमॅट मारून दिलाय, सर

लिनक्स घातलेला संगणक दुकानात दिला आणि विंडोज घातलेला परत मिळाला, हे मला अजून पचलेलं नाही. वर बिल. बिलावर ‘व्हायरस रिमूव्हल’ लिहिलेलं.

‘‘सर, ते लिनक्स होतं ना, त्यामुळंच हँग होत होता. फॉरमॅट मारून दिलाय, सर. अँटिव्हायरस पण टाकलाय.’’ मुलगा विशी-बाविशीचा. अगदी मनापासून सांगत होता, आणि तेच जास्त झोंबलं. लबाडी करत असता तर भांडता तरी आलं असतं.

मी पुण्यात घरून काम करतो. मोठा सी प्लस प्लसचा कोड, जोडून घेतलेला डेस्कटॉप, त्यात साटा एसएसडी. बिल्ड लावला, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायला घेतला, की अधूनमधून सगळं थिजायचं. एडिटरमध्ये ‘सेव्ह’ दाबलं की खिडकी राखाडी, टर्मिनल गप्प. थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा सुरू. कधीकधी मात्र सुरू व्हायचंच नाही, बटण दाबून बंद करावा लागायचा. रॅम भरत नव्हती, ते आधीच बघितलं होतं. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली, एकही चूक नाही. पंख्यावरची धूळ काढली, तापमान ठीक. क्लायंटची तारीख डोक्यावर आली, म्हणून मशीन दुकानात दिलं आणि लॅपटॉपवर काम ओढलं.

कोड सर्व्हरवर होता, तो वाचला. पण चाचणीसाठी जमवलेला डेटाबेस गेला, लॉगिनच्या चाव्या गेल्या, कुठेच न चढवलेल्या टिपणांच्या फायली गेल्या. ‘डेटाला हात लावू नका’ असं मी चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवलं होतं. ती चिठ्ठी मशीनवर तशीच परत आली. नळ गळतो म्हणून प्लंबर बोलवावा आणि त्यानं घराला रंग मारून जावं, तसा हा प्रकार. नळ गळतोय का, हे कुणी बघितलंच नव्हतं. ‘हँग झाला होता का तुमच्याकडे?’ असं विचारलं, तर उत्तर: ‘‘नाही सर, फॉरमॅटनंतर एकदम मस्त चालतोय.’’ म्हणजे फॉरमॅटच्या आधी चालवून बघितलाच नव्हता! मी पुन्हा विचारलं, मालकांना विचारलं. मालक म्हणाले, ‘‘साहेब, शंभरातल्या नव्वद केसेस फॉरमॅटनं सुटतात.’’ उरलेल्या दहांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि खरा संताप पुढे आहे. मशीन खरंच मस्त चाललं. लिनक्स परत घातलं, बिल्ड लावले, काही नाही. बायको म्हणाली, ‘‘बघ, उगाच भांडलास त्याच्याशी.’’ मलाही क्षणभर वाटलं, असेल बाबा काही.

काही आठवड्यांनी पुन्हा थिजलं.

या वेळी कुमार गंधर्वांचं एक भजन लावलेलं होतं. एडिटर थिजला, गाणं मात्र चालूच. माउसही फिरत होता. नमलॉक दाबलं, दिवा लागला, विझला. आमच्या धंद्यात ही जुनी युक्ती आहे. नमलॉकच्या दिव्यानं दाद दिली नाही, तर यंत्र मुळापासून अडकलंय. मग रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स, वीज यांच्याकडे बघायचं. दाद दिली, तर गाभा, म्हणजे कर्नल, जिवंत आहे आणि कुणाची तरी वाट बघतोय. नेटवरून येणारं गाणं मेमरीतून वाजत राहतं, पण डिस्कला हात लावायला गेलेलं जे ते रांगेत उभं राहतं. मी घड्याळ लावलं. अर्धं मिनिट. पुढच्या वेळीही अर्धं मिनिट. व्हायरस काही घड्याळ बघून काम करत नाही! दर वेळी तेवढाच वेळ लागत असेल, तर कुणीतरी ठरलेली मुदत संपायची वाट बघतंय. लिनक्सचा गाभा डिस्कला दिलेल्या आज्ञेच्या उत्तरासाठी साधारणपणे ३० सेकंद थांबतो, मग जोडणी नव्यानं सुरू करतो.

कर्नलच्या नोंदी काढल्या. तिथे सगळं लिहिलेलं होतं: आज्ञा अडकली, ‘हार्ड रीसेटिंग लिंक’, आणि त्याखाली जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, नंतर दीडवर आणल्याची कबुली. चुका वाढल्या की कर्नल आपणहून वेग कमी करतो. आधीच्या वेळच्याही अशाच नोंदी असणार. त्या फॉरमॅटमध्ये गेल्या. दुरुस्तीच्या नावाखाली पुरावाच पुसला गेला होता.

एक पुरावा मात्र फॉरमॅटला पुसता येत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे स्वतःजवळ ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यात ५ क्रमांकाला निकामी होऊन बदललेल्या जागांची मोजणी असते. ती शून्य, म्हणजे डिस्क धडधाकट असावी. १९९ क्रमांकाला सीआरसी चुकांची मोजणी असते. पाठवलेली माहिती वाटेत बिघडून पोचली की हा आकडा वाढतो. माझा आकडा भरपूर फुगलेला होता आणि बिल्ड लावला की डोळ्यांदेखत वाढत होता. वाट म्हणजे केबल. झाकण उघडलं, तर साटाची केबल बाजूच्या पत्र्याला दाबून काटकोनात दुमडलेली, डिस्ककडचं टोक सैल.

मग फॉरमॅटनंतर ते चाललं कसं? दुकानात मशीन उघडताना केबल काढून परत घातली असणार. संपर्क थोडे दिवस नीट झाला. बरं वाटलं ते केबल हलल्यामुळे, श्रेय गेलं फॉरमॅटला. मालकांच्या शंभरातल्या नव्वद केसेसपैकी किती अशा सुटल्या असतील?

आणि असे बिघाड दुकानात सहसा दिसतही नाहीत. बिल्डमध्ये हजारो छोट्या फायली लिहिल्या-वाचल्या जातात, सगळे कोअर भरून चालतात. ब्राउझर आणि सिनेमा बघणाऱ्याला जे कधी दिसणार नाही, ते प्रोग्रामरला दिसतं. २०१७ साली एएमडीच्या सुरुवातीच्या काही रायझन प्रोसेसरांवर लिनक्समधले मोठे बिल्ड मध्येच कोसळत. दोष कंपायलरचा नव्हता, प्रोसेसरचा होता, आणि कंपनीनं ते बदलून दिले. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं सांगत बंद पडायचे. बिघाड प्रोसेसरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये होता. २०२४ मध्ये इंटेलनं त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पडद्यावरचा निरोप खरं कारण सांगतोच असं नाही, हे आपल्याकडे संगणक शिकवताना कुणी सांगत नाही. तिथेही पहिला धडा फॉरमॅटचाच.

तपकीर गल्लीतून नवी केबल आणली, खटका असलेली. शंभराच्या आत. ती लावल्यापासून मशीन एकदाही थिजलेलं नाही. १९९चा आकडा कमी होत नसतो, पण तो आता जागचा हललेला नाही.

त्या दुकानावर मी चिडलो होतो, ग्राहक आयोगात जायच्या गोष्टी करत होतो. गेलो नाही. त्या मुलाला फॉरमॅटचे पैसे मिळतात, शोधून काढण्याचे कुणी देत नाही. तासभर बसून त्यानं ‘केबल बदला, शंभर रुपये’ असं सांगितलं असतं, तर आपणच म्हटलं असतं, एवढ्याचे कसले तपासणीचे पैसे? हे पटतं मला. तरीही विंडोज टाकायला नको होतं. चिठ्ठी होती.

तेव्हा दुकानदारांना एकच विनंती. फॉरमॅट मारण्याआधी स्मार्टचे आकडे काढा, केबल बदलून बघा, आणि जे दिसलं ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाला द्या. बिलावर ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ घाला. मी ते पैसे देईन, घासाघीस न करता.