मेडिकलमधून आणलेली लस

मध्यंतरी इथे कुणीतरी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांचे फोटो टाकले होते. त्याखाली बऱ्याच जणांनी सकाळच्या फिरण्याच्या, क्रिकेटच्या आठवणी लिहिल्या. मला ते फोटो बघून वेगळंच काही आठवलं. लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले. शेवटी सौ. म्हणाली, "लिहा की. तुमची चूक वाचून दुसऱ्या कुणाचं तरी बरं होईल." म्हणून लिहितोय.

आम्ही टिळकवाडीतले. लहानपणी व्हॅक्सिन डेपो म्हणजे आम्हा पोरांना मोठमोठ्या झाडांची जागा, एवढंच ठाऊक. तिथे देवीची लस तयार होते, ती वासरांच्या कातडीवर वाढवतात, हे पुढे वडिलांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. देवी टोचायला माणूस शाळेत यायचा. स्पिरिटचा दिवा, आणि फिरकीसारखं एक हत्यार, ते दंडावर दाबून गर्रकन फिरवायचा. त्याचे वण माझ्या डाव्या दंडावर अजून आहेत. पैसे किती, हा प्रश्नच नव्हता. लस सरकारची, टोचणारा सरकारचा, रडणं तेवढं आपलं. १९७५ साली देशात देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. पुढे २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कोविडच्या लसीच्या पेट्या आल्या त्याही याच डेपोत उतरल्या. तीही आम्ही सरकारी केंद्रावर रांगेत उभं राहून फुकटच घेतली.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की लस म्हणजे फुकट मिळणारी वस्तू, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

२०२३ च्या शेवटी मी बी.पी. दाखवायला आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. एकटाच होतो. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "नागिणीची नवीन लस आपल्याकडे आली आहे. तुम्ही दोघंही सत्तरीच्या आसपास, दोघांनी घेऊन टाका." लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतात आणि उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतात, तीच नागीण, असं त्यांनी समजावून सांगितलं. सत्तरीच्या पुढच्या लोकांतही ही लस नव्वद टक्क्यांच्या आसपास काम करते म्हणाले. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. चिठ्ठी लिहून दिली.

येताना मेडिकलमध्ये किंमत विचारली. एका डोसची किंमत पाच आकडी! दोघांचे मिळून चार डोस. हिशेब चाळीस हजारांच्या पुढे गेला. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, तेही विचारून घेतलं. जन्मभर आकड्यांत काढलेला माणूस मी. मनात म्हटलं, होईलच कशावरून? आणि झाली तर चार दिवस आग होईल, त्याला चाळीस हजार? चिठ्ठी घडी करून पासबुकाच्या कव्हरात ठेवली आणि घरी काहीच बोललो नाही.

आता गंमत बघा. याच मी शाखेत असताना गोदामातल्या मालाचा विमा उतरवल्याशिवाय एकाही व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट दिलं नाही. खडेबाजारातले व्यापारी कुरकुरायचे, "साहेब, वीस वर्षांत कधी आग लागली नाही ओ!" मी त्यांना सांगायचो, आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला असं नसतं. हे वाक्य दुसऱ्यांना शेकडो वेळा ऐकवलेलं. स्वतःच्या घराच्या वेळी बरोबर विसरलो.

२०२४ चा श्रावण. सौ. म्हणाली, उजव्या बगलेखाली चुरचुरतंय. मी म्हटलं, उष्णता असेल, सब्जा घे. दुसऱ्या दिवशी बारीक पुरळ दिसलं. मी मेडिकलमधून एक मलम आणून दिलं. शेजारच्या वहिनींनी ओळखलं, "अहो, ही नागीण!" पण त्यांनी काव उगाळून लावायला सांगितलं आणि वर, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, अशी भीती घातली. असे करत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी फोड पाठीपर्यंत गेले तेव्हा डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तोंड-शेपूट काही नसतं. शरीराच्या एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या वाटेने हे उठतं, सहसा मधली रेघ ओलांडत नाही. पण याच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग होतो. उशीर केलात." गोळ्या दिल्याच त्यांनी. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार होते, पण सौ. समोर होती म्हणून विचारलं नाही असं मला वाटलं. मी मान खाली घातली.

फोड तीन आठवड्यांत वाळले. दुखणं गेलं नाही. त्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, हे आमच्या घरात सगळ्यांचं पाठ झालं. पदराचा काठ लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसायचा नाही. रात्री दोन वाजता जाग आली की ही खुर्चीत बसलेली, एका हाताने कपडा अंगापासून लांब धरून. त्या वर्षी गणपतीला मोदक विकत आणले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, असं कधी झालं नव्हतं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा म्हणून तिने माझं पासबुक काढून ठेवलं, आणि कव्हरातली चिठ्ठी तिच्या हाती लागली. तिने ती उलगडून वाचली. माझंच नाव, खाली तिचं नाव, लसीचं नाव, तारीख.

"हे डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं होतं होय?"

मी म्हटलं, हो.

तिने चिठ्ठी होती तशी घडी केली, परत कव्हरात घातली आणि म्हणाली, "असू दे."

मंडळी, नोकरीत मी इन्स्पेक्शनचे ताशेरे खूप खाल्ले. पण या दोन शब्दांसारखा ताशेरा नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या फेब्रुवारीत तिचं दुखणं बरंच ओसरलं. नागीण होऊन गेल्यावरही लस घेता येते, परत होऊ नये म्हणून घ्यावी, असं डॉक्टर म्हणाले. या वेळी पैशाचा विचार केला नाही. पण लस घेणं म्हणजे क्रोसिन घेणं नव्हे, हे दुकानात गेल्यावर कळलं. इंग्लंडला माझी पुतणी असते, तिथे म्हणे फार्मसीतला माणूसच लस टोचतो. आपल्याकडे मेडिकलवाला लस विकतो, टोचायला डॉक्टरांकडे जायचं. मधलं जे अंतर, त्याची जबाबदारी आपली.

पहिल्या दुकानातल्या पोराने फ्रीज उघडला. आत वरच्या खणात दुधाच्या पिशव्या, दारात पाण्याच्या बाटल्या, मधे लसी. त्याने खोका काढून पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मी विचारलं, "तापमान किती ठेवता?" तो म्हणाला, "थंड आहे की सर!" मी म्हटलं, घरी जाईपर्यंत? "फ्रीजमध्ये ठेवा ओ घरी, चार दिवसांनी टोचलं तरी चालतंय." चालत असेल किंवा नसेल, पण पिशवी तिथेच ठेवून मी बाहेर पडलो. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. तापली तर वाया, आणि गोठली तरी वाया. आणि खराब झालेली लस बघून ओळखू येईलच असं नाही. टोचून घेतल्याचं समाधान तेवढं मिळतं.

दुसरं दुकान डॉक्टरांनीच सुचवलं. तिथे लसींचा फ्रीज वेगळा, काचेच्या दाराचा, वर तापमानाचा आकडा दिसणारा. शेजारी दोरीला बांधलेलं रजिस्टर. दुकानदार कानडी, मराठी झकास बोलतो. मी म्हटलं, रजिस्टर बघू का? तो हसला, "बघा की सर, बँकवाले काय तुम्ही?"

मी पानं उलटली. सकाळ-संध्याकाळ नोंद. चार, पाच, साडेचार, सहा. मधेच एका संध्याकाळी अकरा, लाल शाईत. समोर लिहिलेलं : लाईट नव्हती, इन्व्हर्टर बंद पडला, माल स्टॉकिस्टला कळवून बाजूला काढला.

त्या लाल अकऱ्याने माझा विश्वास बसला. ओळीने सगळीकडे चार-चार-चार असतं तर मी तिथूनही परतलो असतो. महिनाभर एक पैशाचाही फरक न दाखवणारं रजिस्टर दिसलं की आम्ही आधी तेच तपासायला घ्यायचो. हेस्कॉमची लाईट जातेच. गेली असं लिहिणारा दुकानदार भेटायला पाहिजे.

त्याने आगाऊ पैसे घेऊन लस मागवली. म्हणाला, "आधी डॉक्टरांची वेळ घ्या, मग मी फ्रीजमधून काढतो." ठरलेल्या दिवशी थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक, ते कागदात गुंडाळलेले, म्हणजे खोका बर्फाला टेकणार नाही. बॅच नंबर आणि मुदत माझ्यासमोर वाचून बिलावर लिहिली. डबा मांडीवर घेऊन आम्ही दोघं रिक्षाने निघालो. जाताना उजव्या हाताला व्हॅक्सिन डेपो लागला. सौ. म्हणाली, "पूर्वी इथनंच फुकट मिळायची ना?" मी हो म्हटलं. पुढे ती काही बोलली नाही, पण डब्यावर तिने हात ठेवला होता.

डॉक्टरांनी आमच्यासमोर पूड आणि द्रव मिसळून लगेच टोचलं. मी डावा दंड पुढे केला, जुन्या वणाच्या थोडं वर सुई गेली. रात्री दोघांनाही कणकण, दंड ठणकला, दोन दिवसांत उतरलं. तीन महिन्यांनी दुसरा डोस झाला. ढगाळ हवेत तिची ती बाजू अजून चुरचुरते. ते काही भरून येणार नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगायचंय. नागीण, न्यूमोनिया, फ्लू, यातलं तुम्हाला काय हवं ते डॉक्टरांना विचारा. घ्यायचं ठरलं तर मेडिकलमध्ये तीन गोष्टी बघा : फ्रीज वेगळा आहे का, तापमान लिहितात का, बर्फात बांधून देतात का. अंगावर एकाच बाजूला आग आणि पुरळ दिसलं तर काव, सब्जा यात दिवस घालवू नका. आणि डॉक्टरांनी दोघांसाठी लिहिलेली चिठ्ठी एकट्याने घडी करून ठेवू नका. पैसे घालायचे की नाही हे ज्याचं अंग आहे त्यालाही ठरवू दे.

आमची ती जुनी चिठ्ठी अजून पासबुकाच्या कव्हरातच आहे. मी काढली नाही, तिनेही नाही.

व्हॅक्सिन डेपोत कुणाचे वडील, आजोबा नोकरीला होते का? असतील तर त्या दिवसांबद्दल जरूर लिहा. वाचायला आवडेल.