नव्या नौकेचे पहिले पाणी

माझ्या आजोळी, मालवणला, नवी होडी प्रथम पाण्यात उतरली की आजोबा तिच्यात कोणाला बसू देत नसत. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपे, लाकूड ते शोषून फुगे, आणि दोनतीन दिवसांनी सांधे आपोआप मिटले म्हणजे मगच जाळी आणि माणसे तिच्यात चढत. तोवर आम्हा मुलांच्या हट्टाला त्यांचे एकच उत्तर असे, ‘पयला पाणी पिऊक दी तिका.’ हे वाक्य मला पुढे पन्नास वर्षांनी, आयोनियन समुद्रात, एका गुळगुळीत फ्रेंच बनावटीच्या नौकेच्या तळाशी गुडघे टेकून बसलो असता आठवले; पैसे भरण्यापूर्वी का आठवले नाही, याची चुटपुट अद्याप गेलेली नाही.

बेत भाच्याचा. तो श्टुटगार्टला नोकरीस असतो, त्याच्यापाशी शिडाची नौका हाकण्याचा रीतसर परवाना आहे, आणि ग्रीसमध्ये तांडेलावाचून नुसती नौका भाड्याने घ्यायची तर असा परवाना लागतोच. डिसेंबरात त्याने लेफ्काडा बेटावरच्या एका पेढीकडे मे महिन्यातला एक आठवडा मुक्रर केला: बारा मीटर लांबीची, तीन खोल्यांची, कोरी करकरीत नौका, आणि तिचे पहिले प्रवासी आपण. पेढीने पाठवलेली छायाचित्रे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी उशांच्या रंगाचीही वाखाणणी केली. ती छायाचित्रे नव्हतीच, संगणकावर रेखलेली चित्रे होती, कारण नौका त्या वेळी जन्मालाच आली नव्हती, हे आमच्या ध्यानी आले ते एप्रिलात, कारखान्याकडून दिरंगाई होत असल्याचे पत्र हाती पडले तेव्हा. मग करारनामा काढून वाचला. त्यात एक कलम होते की मजकूर नौका मुदतीत हजर न झाल्यास पेढीने तितक्याच लांबीची व तितक्याच खोल्यांची दुसरी द्यावी आणि भाडेकरूने ती बिनतक्रार स्वीकारावी. वय, शिडे आणि उशांचा रंग यांविषयी कलम मूक होते. जुन्या नौकेची चौकशी मागल्या प्रवाशांपाशी तरी करता येते. हिच्याविषयी साक्ष देणारा पृथ्वीतलावर कोणी नव्हता.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ताबा द्यायचा हा त्या किनाऱ्यावरचा रिवाज. आमच्या नौकेची डोलकाठी गुरुवारी उभी राहिली होती, आणि शनिवारी तिच्या पोटात चार माणसे तारा जोडीत बसली होती. तेव्हा ती रात्र आम्ही एका खाणावळीच्या माडीवर काढली आणि कबजा मिळाला तो रविवारी दिवस कलता. शेजारच्या चौदा वर्षांच्या नौकेच्या नोंदपत्रात पूर्वीच्या ओरखड्यांची यादी पानभर होती. आमचे पान कोरे. मला त्याचा अभिमान वाटला. भाचा मात्र गंभीर झाला. ‘मामा, कोरा कागद वाईट. आता जे काही दिसेल ते आपल्या नावावर.’ अनामत रक्कम आम्ही आधीच भरली होती.

नव्या वस्तूचे सुखही खोटे नव्हे. शिडे अशी कडक की उलगडताना करकर वाजत, चादरींना कोणाच्या झोपेचा वास नाही, आणि सर्वत्र राळेचा तो उग्र दर्प, जो प्रथम सुगंध वाटतो आणि तिसऱ्या रात्री डोके धरून बसवतो. यंत्रावरचे घड्याळ नऊ तास दाखवत होते. अशा यंत्राची पहिली तपासणी पन्नास तासांनी करायची असते. म्हणजे त्याचे पट्टे ताणले जायचे ते आमच्या सुटीत, आणि नळ्यांचे वेढे सैल व्हायचे तेही आमच्याच सुटीत.

सोमवारी सकाळी कालव्यातून दक्षिणेकडे निघालो. इसवी सनपूर्व सातव्या शतकात कॉरिंथहून आलेल्या वसाहतकारांनी इथली चिंचोळी भूमी खणली म्हणून लेफ्काडा हे बेट झाले, आणि अजूनही तिथे तरंगत्या पुलावरून जावे लागते. जहाजमालक ओनासिसने १९६३ साली घेतलेले स्कॉर्पिओस बेट दुरून पाहिले. झाडीखेरीज काही दिसले नाही. मेगानिसी बेटाच्या आखातात नांगर टाकताना पहिली अडचण उघडकीस आली. साखळीवर ठरावीक अंतराने रंगाच्या खुणा असतात, त्यांवरून किती मीटर सुटली ते कळते. इथे खुणा करायच्याच राहिल्या होत्या. शेवटी मी साखळी फळीवर ओढून घेतली आणि आजोबा दोर मोजीत तसे दोन्ही हात पसरून वाव मोजले. चकचकीत नाळेवर बसून वाव मोजणारा इसम पलीकडच्या नौकांना प्रेक्षणीय वाटला असावा.

या समुद्रात मे महिन्यात सकाळ बहुधा स्तब्ध असते आणि दुपारनंतर वायव्येकडून माइस्त्रोस नावाचा वारा चढत जातो, तो सूर्यास्ताच्या सुमारास ओसरतो. मंगळवारी इथाकाकडे जाताना तो चांगलाच भरला, नौका कलली, पाणी कडेशी सळसळू लागले आणि मी सुखाने डोळे मिटणार इतक्यात भाच्याने हाक मारली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांपैकी वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. नवी तार पहिल्या भाराने थोडी लांबते, आणि म्हणून पहिल्या काही सफरींनंतर तिला पुन्हा पीळ द्यावा लागतो. ते काम कोणी करायचे हे करारनाम्यात नव्हते. आम्ही शीड गुंडाळले आणि यंत्राच्या बळावर निमूट इथाकाचे किओनी बंदर गाठले. ओडिसियसला इथाकाला पोचायला दहा वर्षे लागली खरी, पण त्याचा तराफा त्याने स्वतः बांधला होता. त्याला निदान कोठला दोर कच्चा हे ठाऊक असेल.

त्या रात्री, सर्व नळ बंद असताना, पाण्याचा पंप घुरघुरू लागला. थांबे, पुन्हा घुरघुरे. भाच्याने तळफळी उचलली. खाली वीतभर पाणी, त्यावर कारखान्याचा पांढुरका भुसा, प्लॅस्टिकची एक कातरण, आणि कडेला कोणीतरी विसरलेला स्क्रू. त्याने बोट बुडवून जिभेला लावले. मी श्वास रोखून पाहत होतो, कारण खारट म्हणजे समुद्र आत आला आणि गोड म्हणजे नुसती टाकी फुटली. ‘गोड,’ तो म्हणाला. न्हाणीमागच्या नळीचा वेढा निसटून आमचे सारे पिण्याचे पाणी नौकेच्या पोटात गेले होते, आणि ते उपसणारा पंप त्याच भुशाने तुंबला होता. मग मी गुडघे टेकून भांड्याने पाणी उपसले, सौभाग्यवतींनी विजेरी धरली. वेढा मिळाला तो शेजारच्या नौकेवरच्या वृद्ध इंग्रज गृहस्थाकडून. त्याच्या बिस्किटांच्या डब्यात सर्व मापांचे गंजके वेढे होते, आणि त्याची नौका १९८६ सालची.

शुक्रवारी परतून आम्ही सतरा दोषांची यादी दिली. पेढीच्या कारागिराने ती शांतपणे वाचली, तारा ताणल्या, एकीला बोटाने छेडून नाद ऐकला, आणि ऑगस्टात याल तर हीच नौका उत्तम सापडेल असे सांगितले. यंत्राचे घड्याळ एकतीस तासांवर होते. शनिवारी सकाळी कारकून पाहणीस आला आणि मागच्या कडेला दोन बोटे लांबीचा एक ओरखडा त्याला सापडला. तो आमचा की धक्क्यावरच्या चार माणसांचा, हे ठरवायला साधन नव्हते. अनामतीतून रक्कम वजा झाली, नोंदपत्रातल्या कोऱ्या पानावर पहिल्या ओळीत ओरखडा चढला, आणि सामान घेऊन तिष्ठत उभ्या असलेल्या पुढच्या कुटुंबाला तो जसाच्या तसा विनामूल्य मिळाला.