पाक आणि साफ

आम्ही कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पाचवी ते दहावीची शाळा, मुलं-मुली एकाच वर्गात. मुलांसाठी आम्ही 'आपा'. आपा म्हणजे मोठी बहीण. हे नाव आम्हाला कितपत शोभतं, याचा विचार एका पावसाळ्याने आम्हाला करायला लावला.

दोन वर्षांपूर्वीची जुलैतली गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर आठवीचा तास होता. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, वीज गेलेली. वर्गात पाऊल टाकताच कोंदट, आंबूस वास आला. आमच्या तोंडून निघून गेलं, "आज अंघोळ न करता कोण आलंय?" वर्ग हसला. हसता हसता माना मुलींच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथल्या एका मुलीने ओढणी पुढे ओढली आणि पुस्तकात डोकं घातलं. आम्ही फळ्यावर तारीख लिहिली आणि धडा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. हजेरीत तिच्या नावापुढे ओळीने सहा दिवस गैरहजेरी लागली, तेव्हा कुठे आमच्या मनात चर्रर झालं.

बी.एड.ला आम्ही किशोरावस्था शिकलो होतो. स्टॅन्ले हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या वयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि या काळाला वादळाचा व तणावाचा काळ म्हटलं, हे पाठ करून आम्ही गुणही मिळवले. पण चौदा वर्षांच्या मुलीशी घामाबद्दल, पाळीबद्दल कोणत्या शब्दांत बोलायचं, हे कुणी सांगितलं नाही. विज्ञानातला पुनरुत्पादनाचा धडा आला की आमच्या शिक्षकांनी 'घरी वाचा' म्हटलं होतं. आमच्या वर्गातही तेच चालायचं. घरी कोण वाचणार आणि कोण समजावणार?

सातव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. वडील आखातात नोकरीला, घरात आई, आजी आणि दोन दिरांची कुटुंबं. आईने चहा ठेवला. मुलगी दाराआड उभी राहिली. आम्ही अंघोळीचा विषय भीत भीत काढला, तशी आई म्हणाली, "आपा, माझी लेक रोज न्हाते. पण कपडे सुकतात कुठे? गणवेशाचा जोड एकच. रात्री धुते, सकाळी दमटच अंगावर चढवते. आणि तिच्या त्या दिवसांच्या फडक्यांचं तर विचारूच नका. दोरी दिरांच्या दारासमोर. तिथे कशी टाकणार?"

फडकी मग माळ्यावर, जुन्या गोधडीखाली सुकत होती. खरं तर सुकतच नव्हती. मुलीला खाज सुटली होती, मांड्यांना पुरळ आलं होतं. तिने ते आईलाही नीट सांगितलं नव्हतं. आई तिला दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि आठवड्याभरात आराम पडला.

म्हणजे आमचा प्रश्नच चुकीचा होता. मुलगी अस्वच्छ नव्हती. तिच्या कपड्यांना ऊन मिळत नव्हतं, आणि ते ऊन लाजेने अडवलं होतं.

आम्ही तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही.

घरी येताना आमचीच आठवण झाली. आम्हाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा अम्मीने जुन्या साडीचे तुकडे हातात दिले आणि सांगितलं, नमाज नाही, रोजा नाही, कुराणाला हात लावायचा नाही. बस्स. काय करायचं नाही ते कळलं. काय करायचं ते मैत्रिणींकडून, अर्धवट आणि चुकीचं कळलं. आमच्या समाजात तहारतीचं ज्ञान कमी नाही. वजू, गुस्ल, हैजचे मसाइल मदरशात शिकवले जातात. मौलाना अशरफ अली थानवींचं 'बहिश्ती जेवर' पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्यामुलींना दिलं जात आलं आहे, त्यात हे सगळं उघडपणे लिहिलेलं आहे. पाकीला ईमानाचा अर्धा हिस्सा म्हणणारी हदीस तर पोरांना तोंडपाठ असते. पण पाक होणं आणि साफ राहणं यांतला दुवा आम्ही मुलांना दाखवतच नाही.

मग आम्ही ठरवलं, शनिवारचा शेवटचा तास यासाठी. मुली आमच्याकडे, मुलं आमच्या एका सहकारी सरांकडे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता, डब्यात टाकायचे.

पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी निघाली: 'त्या दिवसांत अंघोळ केली तर चालते का? गुस्ल तर शेवटी असतो ना?' आम्ही सांगितलं, शेवटचा गुस्ल नमाजसाठी, रोजची अंघोळ शरीरासाठी. तिला कुणी मनाई केलेली नाही. पाळीतल्या बाईचा हात नापाक होत नाही, हे हजरत आयशांच्या हदीसांतूनच कळतं. आणि दीन समजून घेताना लाजेला आड येऊ दिलं नाही म्हणून अन्सारी स्त्रियांची तारीफ करणाऱ्याही त्याच. हे ऐकून मागच्या बाकावरच्या मुलींनी माना वर केल्या.

मग साध्या साध्या गोष्टी. या वयात काखेतल्या आणि जांघेतल्या घामाच्या ग्रंथी कामाला लागतात. त्या घामाला मुळात वास नसतो, त्वचेवरच्या जिवाणूंमुळे तो येतो. म्हणून रोज साबणाने काख धुवायची, आतले कपडे सुती आणि रोज बदललेले. पॅड असो वा फडकं, चार ते सहा तासांत बदलायचं. फडकं थंड पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात वाळवायचं. बाहेरून स्वच्छ पाणी पुरे, आत साबण किंवा अत्तर नको. धुताना हात पुढून मागे. नखं, काखेतले आणि नाभीखालचे केस यांसाठी हदीसमध्ये चाळीस दिवसांची मर्यादा आहेच.

मुलांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या वाचून सरच गप्प झाले. झोपेत होणाऱ्या एहतलामला मुलं आजार समजत होती. भिंतीवरच्या जाहिराती वाचून कुणी चोरून औषध आणलं होतं. एकाने लिहिलं होतं, गुस्लची पद्धत माहीत नाही म्हणून मी जुम्याला जात नाही. घरात बाप, चुलते, मोठे भाऊ असताना ही अवस्था! सरांनी त्यांना गुस्ल समजावला, आणि न धुतलेल्या शर्टावर बॉडी स्प्रे मारणं म्हणजे स्वच्छता नव्हे, हेही समजावलं.

सांगून सगळं होत नाही. शाळेच्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. अशा ठिकाणी चार तासांत पॅड कोण बदलणार? मुख्याध्यापकांकडे तीनदा गेलो तेव्हा कडी लागली. मग पाण्याचं पिंप आणि झाकणाचा डबा आला. नळ अजून कोरडा आहे. जुलै २०१८ मध्ये सरकारने सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी काढला, तरीही महिन्याच्या खर्चात मुलीसाठी पॅड बसवणं प्रत्येक आईला जमत नाही. त्यामुळे फडकं राहणार, आणि त्याला ऊन लागणार.

आयांच्या सभेत हाच विषय काढला. आधी सगळ्या खाली बघत राहिल्या. शेवटी त्याच मुलीची आजी उठली आणि म्हणाली, "आमच्या वेळी नव्हतं म्हणून पोरींच्या वेळीही नको का? मी परसात दोरी बांधीन. वर पातळ ओढणी टाकली की झालं."

ती मुलगी आता दहावीत आहे. शनिवारच्या तासाला येते, पण चिठ्ठी टाकताना आमच्याकडे बघत नाही. आम्ही तिच्यावर रागावत नाही. त्या दिवशी वर्ग हसला होता, आणि हसू आणणारी तिची आपाच होती.

वाचकहो, तुमच्या घरी वाढत्या वयाची मुलगी असेल तर तिची फडकी कुठे सुकतात, हे एकदा तिच्या आईला विचारा. मुलगा असेल तर त्याला गुस्ल कुणी शिकवला, हे त्याच्या वडिलांनी स्वतःलाच विचारावं. हे प्रश्न घरातच विचारले गेले, तर वर्गात कुणाला मान खाली घालावी लागणार नाही.