मोतीचा मुक्काम

पुण्याहून निघालेलं ते चाकांवरचं घर चार दिवस मोतीच्या पायांखाली थरथरत होतं. चूल, अंथरुणं, आजीची पोथी, सगळं आत. गावांची नावं मोतीला ठाऊक नव्हती. आपली माणसं आत असली, की ते घर, एवढंच त्याला समजत होतं.

म्हैसूरनंतर सुमारे २५ किलोमीटरवर नंजनगूड आलं. खिडकीच्या फटीतून कपिला नदीचा ओला वारा, कापूर आणि रसबाळे केळ्यांचा वास आला. मोतीनं शेपूट हलवलं.

सगळे श्रीकंठेश्वराच्या दर्शनाला निघाले. दार लागणार, तोच तो कण्हला. उन्हात बंद गाडीची काही मिनिटांत भट्टी होते आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही; धापा टाकूनच तो अंग निववतो.

आजी सावलीत सतरंजी टाकून त्याच्याजवळ बसली. “तुम्ही जा. मी इथूनच हात जोडते.”

इथल्या देवाच्या कृपेनं टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे बरे झाले आणि टिपूनं त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं, अशी आख्यायिका आहे. आजी म्हणाली, “हत्तीचं दुखणं ज्याला कळलं, त्याला कुत्र्याचं कळणार नाही होय?”

पुढचा बंदीपूरच्या जंगलातला रस्ता वन्यप्राण्यांसाठी २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. म्हणून मुक्काम तिथंच पडला. मुलं कुरकुरली. मोतीनं मात्र एकेकाचे पाय हुंगले आणि मोजणी पुरी झाल्यावर दाराशी अंग टाकलं.