हिरोसेच्या काठची मंडळी

आम्हा वसईकरांच्या मनात जपान म्हणजे नागासाकी. गास गावच्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईत जन्मले, व्यापाराच्या निमित्ताने पूर्वेकडे गेले, जपानी बोलायला शिकले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. पेद्रो बाप्तिस्ता यांच्या तुकडीचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर भाल्यांनी मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत त्यांचाही शेवट झाला. भारतात जन्मलेले ते पहिले संत. फेब्रुवारीत त्यांचा सण आला की सगळ्यांच्या तोंडी नागासाकीच असतं, आणि मीही कधीतरी तिथे जाईन असं घरच्यांनी गृहीतच धरलं होतं. मी तिकीट काढलं ते मात्र उत्तरेचं. फ्रान्सिस्कनांची गोष्ट नागासाकीला संपत नाही. ती पुढे सरकते सेंदाईकडे, आणि तो भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

तोक्योहून हायाबुसा शिन्कान्सेन दीड तासात सेंदाईला पोचवते. स्टेशनाबाहेर पडलो तर वारा कोटाच्या आत शिरत होता. फेब्रुवारी मी मुद्दाम निवडला होता.

हिरोसे नदी शहराच्या पोटातून वळणं घेत जाते. ओहाशी पुलाच्या एका बाजूला निशी पार्क, दुसऱ्या बाजूला किल्ल्याची टेकडी आणि तिच्या पायथ्याशी शहराचं संग्रहालय. पुलाच्या पार्ककडच्या टोकाला एक स्मारक आहे: मध्ये धर्मगुरू, एका बाजूला सामुराई, दुसऱ्या बाजूला शेतकरी. 1624 च्या फेब्रुवारीत दियोगो द कार्व्हाल्यो हे पोर्तुगीज येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे जपानी ख्रिस्ती यांना इथे नदीकाठच्या खड्ड्यांत गोठत्या पाण्यात उभं केलं. धर्म सोडा, बाहेर काढतो, असं सांगितलं जात होतं. कोणी सोडला नाही. कार्व्हाल्यो 22 तारखेला गेले. मी काठावर उतरून पाण्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला. हात खिशात घालूनही बोटं बराच वेळ दुखत होती.

स्मारकात धर्मगुरूच्या शेजारी शेतकरी आणि सामुराई आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परदेशातल्या मिशनची गोष्ट आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने सांगतो: अमुक फादर गेले, त्यांनी इतक्यांना स्नानसंस्कार दिला, अमुक ठिकाणी चर्च बांधलं. पण फादर येतात आणि जातात, कधी मारलेही जातात. मंडळी टिकते की नाही हे तिथल्या माणसांवर ठरतं. कार्व्हाल्यो उत्तरेच्या डोंगरांत, खाणींतल्या मजुरांमध्ये फिरू शकले ते गोतो जुआन यांच्यासारख्यांमुळे. जुआन हे सेंदाईचे दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, दाते मासामुने यांच्या पदरचे ख्रिस्ती सामुराई. मिझुसावाच्या कोरड्या जमिनीवर पाणी आणण्यासाठी त्यांनी कालवा खोदायला घेतला. धर्म सोडण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी जहागीर सोडली आणि ते निघून गेले. जुआनझेकी नावाच्या त्या कालव्याचं पाणी आजही तिथल्या भातशेतीला मिळतं. मिशनच्या इतिहासात अशा माणसाचं नाव पहिल्या पानावर हवं.

संग्रहालयात मासामुने यांचे दूत हासेकुरा त्सुनेनागा यांच्या वस्तू आहेत. मासामुने यांना मेक्सिकोशी व्यापार हवा होता. लुईस सोतेलो या फ्रान्सिस्कनला आपल्या लोकांसाठी सेंदाईत आणखी धर्मगुरू आणायचे होते. दोघांचे हेतू एका जहाजात बसले आणि 1613 मध्ये ते जहाज त्सुकिनोउराहून निघालं. मेक्सिको ओलांडून हासेकुरा स्पेनला पोचले, माद्रिदमध्ये राजासमोर त्यांचा स्नानसंस्कार झाला, आणि 1615 च्या नोव्हेंबरात ते रोममध्ये पोप पाचवे पॉल यांना भेटले. त्याच सुमारास इकडे गोव्यातल्या साष्टीत फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ आकाराला आलं होतं. ते 1616 मध्ये छापलं गेलं. एकीकडे सेंदाईचा दरबारी माणूस पोपकडे धर्मगुरू मागत होता, दुसरीकडे एक इंग्रज पाद्री मराठी ओव्या रचत होता. माझ्या लेखी टिकाऊ काम दुसरं. स्टीफन्स लोकांच्या बोलीत शिरले. दूतमंडळाचा सगळा भार मात्र एका दाइम्योच्या मर्जीवर होता.

आणि ती मर्जी फिरली. मंडळ वाटेत असतानाच जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती. हासेकुरा 1620 मध्ये परतले, आणि त्याच वर्षी मासामुने यांनी आपल्या मुलखातही बंदी पुकारली. दोन वर्षांत हासेकुरा वारले. सोतेलो लपून जपानला परतले, पकडले गेले आणि 1624 मध्ये त्यांना ओमुरा इथे जिवंत जाळलं. 1640 मध्ये हासेकुरांच्या मुलालाही प्राण गमवावे लागले, कारण घरात ख्रिस्ती नोकर सापडले. रोमने दिलेलं नागरिकत्वाचं चर्मपत्र आणि क्रुसापुढे हात जोडलेल्या हासेकुरांचं चित्र, दोन्ही जप्तीच्या मालात सव्वादोनशेहून जास्त वर्षं पडून राहिली. चित्रावर घड्यांच्या खुणा अजून दिसतात. आज ते जपानचं राष्ट्रीय वैभव मानलं जातं आणि युनेस्कोच्या यादीतही आहे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो ते हासेकुरांपेक्षा त्या नोकरांचा विचार करत. त्यांची नावं या दालनात मला दिसली नाहीत.

एकोणिसाव्या शतकात धर्म पुन्हा सेंदाईत आला तो याच वाटेने, स्थानिकांच्या पायांनी. 1868 च्या यादवीत सेंदाईचं संस्थान हरलं. बेघर झालेले काही सामुराई हाकोदातेला गेले आणि तिथे रशियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरू निकोलाय यांच्याकडे शिकून गावी परतले. बंदी अजून उठलेली नव्हती. 1872 मध्ये त्यांची धरपकड झाली. पुढच्याच वर्षी बंदीचे फलक उतरले. प्रॉटेस्टंटांचंही तसंच. ओशिकावा मासायोशी हे योकोहामात बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. ते 1880 मध्ये इथे आले. अमेरिकन विल्यम होय नंतर येऊन मिळाले. दोघांनी 1886 मध्ये मूठभर विद्यार्थ्यांवर धर्मशिक्षणाची शाळा काढली. आजचं तोहोकु गाकुइन विद्यापीठ ते हेच.

त्याच विद्यापीठाच्या त्सुचितोई आवारात एक जुनं लाकडी मिशनरी घर आहे, डीफॉरेस्ट यांच्या नावाचं. जॉन डीफॉरेस्ट अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे. 1813 मध्ये मुंबईत पोचलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना पाठवणारं, आपल्याकडे ‘अमेरिकन मराठी मिशन’ चालवणारं बोर्ड हेच. अहमदनगरच्या ज्या मंडळीत कवी रेव्हरंड ना. वा. टिळक काम करत, तिची आणि या घराची मूळ संस्था एक. टिळकांनी शेवटी मिशनच्या चौकटीबाहेर पाऊल टाकून ‘देवाचा दरबार’ मांडला होता. इथलं घर पाहताना ते आठवत राहिलं.

रविवारी मोतोदेराकोजीच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा ऐकली. मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा झाला. म्हातारी जपानी माणसं, फिलिपिनो बायका, शिकायला आलेली व्हिएतनामी पोरं. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एखादा. मला तो आकडा सांगणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या आवाजात खंत नव्हती.

तिनेच मला अराहामाला नेलं. समुद्रकाठच्या तिथल्या शाळेत 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत मुलं आणि गावकरी मिळून सुमारे 320 जण अडकले आणि वाचले. वस्ती वाहून गेली. शाळा आता तशीच जपून ठेवली आहे. त्सुनामीनंतर सेंदाईच्या चर्चेसनी एकत्र येऊन ‘तोहोकु हेल्प’ उभं केलं, आणि पाळक, बौद्ध भिक्खू, डॉक्टर शोकग्रस्तांजवळ बसू लागले. त्यातूनच तोहोकु विद्यापीठात धर्मसेवकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. त्याचा कडक नियम असा, की ऐकायचं. स्वतःच्या धर्माचा प्रचार करायचा नाही.

शिक्षिकेला हा नियम खुपत होता. “ज्याच्याजवळ आशा आहे, त्याने ती बोलूनच दाखवू नये?” ती म्हणाली. मी म्हटलं, ताई, ज्याचं घरदार गेलं त्याला ब्लँकेटबरोबर धर्म दिला, तर तो नाही कसं म्हणणार? नाही म्हणता येत नसेल, तर त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, हिरोसेतल्या माणसांना नाही म्हणायची मुभा होती, त्यांनी ती वापरली नाही. मी म्हटलं, म्हणून तर त्यांचा हो खरा. तिला ते पुरतं पटलं नाही. बस येईपर्यंत आमचा वाद चालूच होता.