पळून जाऊन लग्न... पण नीट ठरवून!

मैत्रिणींनो, 'पळून जाऊन लग्न' म्हटलं की आपल्या पुण्याकडच्या माणसाला पहिली आठवते ती आळंदी. माझं लग्न तिथंच झालं. गुरुजी, दोन हार, ह्यांचे दोन मित्र साक्षीला, बस्स! घरी पत्ता नव्हता. पुढे सगळं गोड झालं, पण "लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या" हे आईनं शेवटपर्यंत बोलून दाखवलं.

म्हणूनच लेक म्हणाली, "आई, हॉल नको, पाचशे पानं नकोत, स्कॉटलंडच्या डोंगरात दोघांनीच लग्न करायचंय," तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. नवरामुलगा चांगला, दोन्ही घरांची पसंती, मग पळायचं कुणापासून? "गर्दीपासून," असं उत्तर आलं!

स्कॉटलंडच का, तर पळून जाऊन लग्न करण्याची तिथली परंपरा आपल्या आळंदीसारखीच नावाजलेली. 1754 साली इंग्लंडात कायदा कडक झाला, एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची संमती लागू लागली. स्कॉटलंडात मात्र दोन साक्षीदारांपुढं 'हो' म्हटलं की लग्न लागायचं. मग काय, प्रेमी जोडपी घोडागाडीतून सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी पळू लागली. तिथं लोहारच ऐरणीवर घण मारून लग्न लावी! 1856 साली एकवीस दिवस मुक्कामाची अट आली आणि या पळापळीला खीळ बसली. आज ती अटही नाही.

पण अट नाही म्हणजे काहीच करायचं नाही, असं समजू नका हं! उघड्या माळावरचं लग्न हॉलमधल्या लग्नापेक्षा जास्त ठरवावं लागतं. आम्ही काय काय केलं ते सांगते.

पहिला व्हिसा. भारतातून लग्नासाठी जाणाऱ्याला साधा प्रवासी व्हिसा चालत नाही. वधूवरांनी 'मॅरेज व्हिजिटर' व्हिसा काढायचा. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आत करता येतो. त्याच सुमारास दोघांनी एकेक 'एम-10' फॉर्म भरून, जिथं लग्न लागणार तिथल्या निबंधकाकडे पाठवायचा. लग्नाला निदान एकोणतीस दिवस असताना तो तिथं पोचलाच पाहिजे. जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. लग्नाची जागाही आधीच कळवावी लागते, म्हणून पाऊस आला तर कुठं जायचं तेही निबंधकाला तेव्हाच विचारून ठेवा.

मुलांनी जागा निवडली स्काय बेटावरची क्विरँग. डोंगराचा कडा पूर्वी कधीतरी ढासळून तिथं सुळके आणि हिरव्या घळी झाल्या आहेत. ती जमीन अजूनही हळूहळू सरकतेच आहे म्हणे! बेटावर जायला 1995 पासून पूल आहे. महिना घेतला मे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथं 'मिज' नावाची चिलटं पिच्छा पुरवतात; वारा पडला की ढगानं येतात. मे महिन्यात त्यांचा त्रास कमी, पाऊसही त्यातल्या त्यात कमी, आणि पहाट पाचलाच उजाडतं. सकाळी सातची वेळ धरली, कारण दुपारी तिथं पर्यटकांची रीघ लागते.

कपड्यांचं सांगते. लेकीनं नऊवारी नेसली, पण आतून लोकरी कपडे आणि पायांत चांगले पकड घेणारे बूट. काष्ट्यामुळं चढायला सोपं गेलं. सहावारी असती तर चिखलात फजिती झाली असती! अंतरपाटाला मात्र चांगली जाड शाल घ्या. आमचा रेशमी अंतरपाट वाऱ्यानं असा उडवला, की मुहूर्ताआधीच दोघांनी एकमेकांना पाहून घेतलं.

आता खरी गोष्ट. तिथल्या कायद्यात एक कलम असं आहे, की सोळा वर्षांवरचे दोन साक्षीदार हवेतच. मुलं म्हणाली, "एक फोटोग्राफर, दुसरा वाटेवरचा कुणीतरी, तसंच करतात तिथं." मी दोन दिवस गप्प राहिले. मग विहीणबाईंना फोन केला. त्याही गप्पच होत्या! शेवटी आम्ही दोघींनी मुलांना सांगितलं, "तुमची गर्दी आम्ही करत नाही. पण दोन सह्या लागणारच ना? त्या आमच्या घ्या." लेक रडली आणि लगेच हो म्हणाली. बापमंडळी पुण्यात राहिली, परतल्यावरच्या घरगुती जेवणाची तयारी करायला.

लग्न ह्यूमॅनिस्ट पद्धतीनं लागलं. तिथं 2005 पासून त्याला कायद्याची मान्यता आहे. निबंधकाकडून आलेल्या कागदावर वधूवर, लग्न लावणाऱ्या बाई आणि आम्ही दोघी, अशा सह्या झाल्या. थंडीनं माझी सही वेडीवाकडी आली. तो कागद तीन दिवसांत निबंधकाकडे परत गेला पाहिजे, हे विसरू नका. मग मिळणाऱ्या दाखल्यावर तिथंच एपॉस्टिलचा शिक्का करून घ्या. इकडच्या सरकारी कामांना उपयोगी पडतो.

राहता राहिल्या अक्षता. रानात धान्य टाकून येणं बरं नव्हे, म्हणून खाली शाल अंथरली. मी मूठभर अक्षता लेकीच्या डोक्यावर टाकल्या. आईची फार आठवण झाली. नंतर आम्ही विहिणी गुडघ्यांवर बसून दाणा न् दाणा वेचत होतो, आणि दोघी हसत होतो.

तुमच्या घरात असा बेत शिजत असेल, तर मुलींनो, तिकिटं काढण्याआधी आईला सांगा. आणि आयांनो, ऐकल्याबरोबर रागावू नका, आधी विचारा, "साक्षीदार कोण?"